'ऑपरेशन तेच' म्हणणाऱ्या कळव्याच्या वाचकांना

"गाठ असो की हाशिमोटो, थायरॉईड काढायचं ऑपरेशन तेच. स्वतःचं महत्त्व वाढवायला डॉक्टर उगाच बाऊ करतात," असं तुम्ही थायरॉईडच्या ऑपरेशनवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली लिहिलंत. मतभेदाचं काही नाही, पण 'महत्त्व वाढवायला' हे शब्द लागले. अठरा वर्षं ठाण्यात मानेची ऑपरेशनं करतोय. हेतूवर शंका घेण्याआधी एकदा विचारायचं तरी होतंत.

एक मान्य. हाशिमोटोत, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटते त्या आजारात, ग्रंथी 'नेहमी' चिकटलेली असते असं मी लिहिलं, तिथे 'बऱ्याचदा' हवं होतं. दुरुस्त केलंय.

आता 'तेच' या शब्दाकडे येतो. साध्या गाठीत पुढचे स्नायू बाजूला घेतले की ग्रंथी बोटानं सुटी होत जाते. हाशिमोटोची ग्रंथी जुन्या सुजेनं निबर झालेली, स्नायूंना आणि श्वासनलिकेला धरून बसलेली. ओढली की फाटते, रक्त झिरपतं आणि आवाजाची नस नेमकी त्या रक्ताखाली, श्वासनलिका आणि अन्ननलिकेमधल्या खाचेत. पॅराथायरॉईड, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी, साधारण चार, एकेक तुरीच्या डाळीएवढी, पिवळट तपकिरी. भोवती सुजलेल्या लसिका गाठींची गर्दी, त्यात ती ओळखायची. चुकून निघाली तर बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत पेरायची. एका बाजूला आवाजाच्या नसेवर लक्ष ठेवणाऱ्या नर्व्ह मॉनिटरचा सिग्नल गेला, तर दुसरी बाजू त्या दिवशी शक्यतो करायची नाही, कारण दोन्ही नसा दुखावल्या तर श्वासासाठी गळ्यात ट्यूब टाकायची वेळ येते. यातलं 'तेच' काय ते तुम्हीच सांगा.

ग्रेव्हज्‌मध्ये (थायरॉईड जादा हार्मोन बनवते तो आजार) अडचण रक्ताची. आधी कार्बिमाझोलनं हार्मोन ताळ्यावर आणायचे, मग सुमारे १० दिवस ल्युगॉल आयोडीनचे ५ ते ७ थेंब दिवसातून तीनदा. त्यानं ग्रंथीचा रक्तपुरवठा उतरतो. हार्मोन चढलेले असतानाच घाईनं टेबलावर घेतलं तर थायरॉईड स्टॉर्म, म्हणजे हार्मोनचा भडका उडून जिवाशी गाठ. ऑपरेशननंतर ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या की कॅल्शियम उतरलंय असं समजायचं. ग्रेव्हज्‌मध्ये झिजलेली हाडंही ते ओढून घेतात. 'अशक्तपणा असेल' म्हणत थांबायचं नाही. हे लिहिणं म्हणजे बाऊ?



'पेशंटला त्याच संध्याकाळी घरी सोडा' या तुमच्या सल्ल्यावरही बोलतो. मानेत रक्त साठलं तर ते बहुधा पहिल्या २४ तासांत, आणि श्वास कोंडू लागला की टाके पलंगावरच उघडावे लागतात, थिएटर गाठायलाही वेळ नसतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते कोण उघडणार? माझे पेशंट ती रात्र वॉर्डातच काढतात, टाके उघडायची पेटी उशाशी ठेवून.