खुलासा : पवई तलाव भरला म्हणजे पाणीकपात टळली असे नाही

'पवई तलाव ओसंडून वाहू लागला, मुंबईची पाणीकपात टळली. इंग्रजांनी सहलीसाठी बांधलेला हा तलाव आज शहराची तहान भागवतो.' असा मजकूर फोटोसह फिरतो आहे. फोटो खरा असेलही, पण त्याखालची दोन्ही विधानं चुकीची आहेत.

हा तलाव सहलीसाठी बांधलेलाच नव्हता. शहराला पिण्याचं पाणी कमी पडत होतं म्हणून बांध घालून 1890 मध्ये तो पूर्ण झाला. पाणी मात्र पिण्यालायक ठरलं नाही. गळ टाकून बसणारे, संध्याकाळी काठावर फिरायला येणारे, मगर दिसते का ते पाहणारे, ही सगळी ओळख नंतरची.

आजही महापालिका हे पाणी पिण्यासाठी देत नाही. ते औद्योगिक वापरासाठी जातं. तलावाची क्षमता सुमारे 545 कोटी लिटर आहे आणि भरल्यावर जादा पाणी मिठी नदीत जातं. तलाव भरला की महापालिका दरवर्षी हीच माहिती जाहीर करते.

मुंबईला पाणी देणारे जलाशय सात : अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. रोजच्या साठ्याच्या तक्त्यात पवईचं नाव नसतं. शेजारच्या विहारमुळे अनेकांचा गोंधळ होतो, तो समजण्यासारखा आहे.

पण हा मजकूर वाचून कुणी पाणी जपून वापरणं सोडलं तर पंचाईत होईल. म्हणून कळकळीची विनंती, तो पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.