नावाजलेली कंपनी बुडवायची कशी?

वाद्यं बनवणारी एखादी जुनीजाणती कंपनी तुमच्या हाती लागली असेल, तर सगळ्यात आधी तिला वाचवा. दचकू नका. एकदा तारलीत की पुढे बुडवताना कोणी हात धरत नाही. हेन्री जुस्केविच यांनी १९८६ मध्ये भागीदारांसह गिबसन ही अमेरिकन गिटार कंपनी घेतली ती ५० लाख डॉलरला, आणि तेव्हा ती अगदी मरणपंथाला लागलेली होती. त्यांनी ती उभी केली. मग त्यांना कोण काय बोलणार?

गिटार खपते आहे म्हणजे आपल्याला सगळंच कळतं, असं आता मनाशी पक्कं करा आणि पिशवी घेऊन बाजारात निघा. १९९८ मध्ये ऑपकोड ही सॉफ्टवेअर कंपनी घ्या, वर्षभरात गुंडाळा. त्यातून काही शिकू नका. २०१३ मध्ये केकवॉक ही संगीताच्या सॉफ्टवेअरची कंपनी घ्या आणि २०१७ मध्ये तीही बंद करा. (पुढे बँडलॅब या दुसऱ्या कंपनीने तेच सॉफ्टवेअर फुकट वाटलं. काही लोकांना धंदा कळत नाही.) मध्ये बाल्डविनचे पियानो, टीॲक आणि ओन्कियो या जपानी ऑडिओ कंपन्यांचे शेअर, जे दिसेल ते उचला. 'आम्ही गिटारवाले नाही, लाइफस्टाइलवाले' असं सांगत फिरा. २०१४ मध्ये मात्र हात आखडू नका. फिलिप्सला हेडफोन-स्पीकरच्या ज्या धंद्यातून अंग काढून घ्यायचं होतं, तोच १३.५ कोटी डॉलर मोजून गळ्यात घालून घ्या. घरचं झालं थोडं, म्हणून व्याह्याचं घोडं आपणच विकत आणायचं. तेही कर्ज काढून.

एवढ्यानेही गिटार खपायची थांबत नसेल, तर थेट गिटारलाच हात घाला. वादक खुंट्या पिळून स्वतः सूर लावतात, हे तुम्हाला बघवत नाही ना? मग २०१५ च्या जवळजवळ सगळ्या मॉडेलवर आपोआप सूर लावणारी मोटर बसवा. बॅटरी चार्ज केल्याशिवाय ती चालणार नाही, हे उत्तमच. बोटं जिच्यावर फिरतात ती गिटारची मान रुंद करा, म्हणजे वर्षानुवर्षांची सवय असलेली बोटंही चाचपडतील. किंमत वाढवा. गिऱ्हाईक जुन्या गिटारी शोधत सेकंडहँड दुकानात शिरलं, तर समजा की जमलं. पाच हजार डॉलरच्या वर किंमत असलेली, इलेक्ट्रॉनिक्सने ठासून भरलेली 'फायरबर्ड एक्स' काढा. तिच्या शेकडो गिटारी ओळीने मांडून वरून रणगाड्यासारख्या पट्ट्यांचं अवजड यंत्र फिरवलं, तो व्हिडिओ २०१९ चा. तोवर मालक बदलले होते, त्यामुळे तुम्हाला त्याचा त्रास नाही.

१ मे २०१८ ला दिवाळखोरीच्या कोर्टात जा. ५० कोटी डॉलरपर्यंतचं कर्ज दाखवा. गिटारचा धंदा तेव्हाही नफ्यात होता, हे फार मोठ्याने बोलू नका.

आणि घाबरू नका, तुमची सोय होते. कंपनी सावकारांच्या ताब्यात गेली, तरी कागदपत्रांत जुस्केविच यांच्यासाठी वर्षभराचं सल्लागारपद होतं, मानधन २१ लाख डॉलर. आम्ही वेडे, हाच सल्ला फुकट देत बसलोय.