‘क्रेडिट म्हणजे कंपनीने दाबलेले पैसे’: डायरेक्ट डेबिटच्या मेसेजला उत्तर

थंडी सुरू झाली की इंग्लंडमधल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. कोणी लिहिला ते ठाऊक नाही, शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण म्हणणं तेच. गॅस आणि विजेसाठी बँक खात्यातून दरमहा ठरावीक रक्कम कापणारं डायरेक्ट डेबिट हा सापळा आहे. कंपनीकडच्या आपल्या खात्यावर दिसणारं क्रेडिट म्हणजे कंपनीने आपल्याकडून उकळलेले जास्तीचे पैसे. ते मागून मिळत नाहीत, आणि कंपनी बुडाली तर तेही बुडतात. तेव्हा आजच बँकेच्या ॲपवरून डायरेक्ट डेबिट रद्द करा, बिल येईल तेव्हा भरा, स्वस्तात पडेल. खाली ‘सर्वांना पाठवा’.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या गल्लीतलं एक नवं जोडपं हा मेसेज घेऊन घरी आलं. एप्रिलमध्ये पुण्याहून आलेले, पहिलाच हिवाळा. “ताई, आमच्या खात्यावर तीनशे पौंडांच्या आसपास पडून आहेत. बंद करून टाकू का?” त्याने फोन पुढे केला, रद्द करायचं बटण समोरच होतं. मी म्हटलं, आधी बसा, चहा घ्या, मी माझी बिलं काढते. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जे बोलणं झालं तेच इथे लिहिते आहे, कारण हा मेसेज ऐकून डायरेक्ट डेबिट बंद केलेली आणि फेब्रुवारीत घाबरून फोन करणारी माणसं मी पाहिली आहेत.

सुरुवात ‘फिक्स’ या शब्दापासून करावी लागते. सगळा गोंधळ तिथे आहे. आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना लोक फिक्स म्हणतात. एक फिक्स टॅरिफ: यात युनिटचा दर आणि रोजचा स्थिर आकार ठरावीक मुदतीसाठी, बहुधा वर्षभरासाठी, बांधलेला असतो. दुसरं फिक्स डायरेक्ट डेबिट: यात फक्त महिन्याला कापली जाणारी रक्कम बांधलेली असते. दोन्हींपैकी कशातही बिल बांधलेलं नसतं. बिल वापरावरच ठरतं. महिन्याला १३० पौंड कापले जातात म्हणून दिवसभर हीटिंग चालू ठेवलं तर मीटर ते मोजतोच, आणि हिशेब पुढे येतोच. ऑफजेम या नियामकाने २०१९ पासून लावलेली किमतीची मर्यादाही दराला आणि स्थिर आकाराला आहे, एकूण बिलाला नाही. बातम्यांत जो वर्षाचा आकडा सांगतात तो सरासरी घराचा असतो. तुमच्या घराचं बिल त्याहून कितीही जास्त होऊ शकतं.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे खटकणं मी समजू शकते. तिकडे महावितरणचं बिल येतं, आपण भरतो, विषय संपतो. पैसे आधी आणि वापर नंतर ही गोष्टच चोरीची वाटते. पण तिकडेही कंपनीकडे आपली सुरक्षा ठेव असते, फक्त ती रोज डोळ्यांसमोर नसते.

आता मेसेजचा मुख्य मुद्दा: क्रेडिट म्हणजे जास्तीचे पैसे. माझ्या टेबलावरची बिलं मी एप्रिल ते मार्च अशी ओळीने मांडली. आमचं घरही त्यांच्यासारखंच आहे, तीन बेडरूमचं टेरेस हाउस, गॅसचा बॉयलर. आकडे गोल करून सांगते. एप्रिलमध्ये वापर १३० पौंडांचा. मे ९०, जून ६५, जुलै आणि ऑगस्ट ६० आणि ६०, सप्टेंबर ७५. मग ऑक्टोबर १२०, नोव्हेंबर १६५, डिसेंबर २०५, जानेवारी २२५, फेब्रुवारी २००, मार्च १६५. बेरीज १,५६०. बारांनी भागली की १३०, आणि माझं डायरेक्ट डेबिट नेमकं तेवढंच आहे.

हेच महिन्यागणिक पाहा. एप्रिलच्या सुरुवातीला खातं शून्यावर होतं असं धरा. मेअखेर ४० पौंड जमा, जुलैअखेर १७५, सप्टेंबरअखेर ३००, ऑक्टोबरअखेर ३१०. हा वर्षातला सगळ्यात मोठा आकडा, आणि मेसेज फिरतो तो नेमका याच दिवसांत. पुढे उतरण सुरू होते. डिसेंबरअखेर २००, जानेवारीअखेर १०५, फेब्रुवारीअखेर ३५ आणि मार्चअखेर शून्य. ते ३१० पौंड कोणी दाबले नव्हते. ते माझ्याच बॉयलरमध्ये जळले.

कोकणात आगोटीला घरोघर बेगमी करतात. सुकी मासळी, कोकम, पापड, जळणाची लाकडं, सगळं पावसाआधी भरून ठेवायचं. मे महिन्यात भरलेली कोठी पाहून ‘एवढं कशाला घेतलंस, परत करून ये’ असं कोणी म्हणत नाही. उन्हाळ्यात जमणारं क्रेडिट ही हिवाळ्याची बेगमी आहे. मे-जूनमध्ये रेडिएटर गार असतात, खर्च उरतो तो बहुतेक गरम पाण्याचा, स्वयंपाकाचा आणि विजेचा. घराचा बहुतांश गॅस ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांतच जातो.

याची उलटी बाजू मेसेजमध्ये कधीच नसते. समजा मी या घरात ऑक्टोबरमध्ये राहायला आले असते. वापर तोच, १३० पौंड तेच. पहिल्या महिन्यात १० पौंड जमा, मग नोव्हेंबरअखेर २५ पौंडांची बाकी, डिसेंबरअखेर १००, मार्चअखेर ३००. ती बाकी फिटायला सप्टेंबर उजाडला असता. रक्कम अगदी बरोबर असूनही कंपनी उन्हाळाभर मला देणेकरी दाखवत राहिली असती. शरद ऋतूत येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि नोकरदारांच्या बाबतीत हेच होतं. मग कंपनी मध्येच रक्कम वाढवते आणि त्यांना वाटतं, फसवलं.

म्हणून मी त्या दोघांना सांगितलं, क्रेडिट किती आहे ते विचारू नका, कोणत्या महिन्यात आहे ते विचारा. ऑक्टोबरअखेर तीनशे पौंड ठीक. मार्च किंवा एप्रिलच्या शेवटी, हिवाळा सरल्यावर, तीनशे उरले असतील तर मात्र ते खरोखर जास्तीचे आहेत, आणि तेव्हा मागायचे.

मागून मिळत नाहीत, हे तर धडधडीत खोटं. कंपनीच्या परवान्याच्या अटींतच आहे की डायरेक्ट डेबिटची रक्कम हाताशी असलेल्या उत्तम आणि ताज्या माहितीवर ठरवली पाहिजे, ती कशी ठरवली हे ग्राहकाला सांगितलं पाहिजे, आणि ग्राहकाने क्रेडिट मागितलं तर योग्य कारण असल्याशिवाय ते अडवता येत नाही. कंपनी बदलली तर जुन्या कंपनीने सहा आठवड्यांत शेवटचं बिल द्यायचं आणि त्यानंतर दहा कामकाजी दिवसांत उरलेले पैसे परत करायचे. हे चुकलं तर भरपाई न मागता मिळते. पूर्वी ती ३० पौंड होती, २०२५ पासून ४० आहे.

मात्र पैसे मागण्याआधी एक काम आपलं असतं: मीटरचं खरं रीडिंग देणं. स्मार्ट मीटर असला तरी तो कंपनीला रीडिंग पाठवतोच असं नाही. बिलावर आकड्याशेजारी ‘एस्टिमेटेड’ लिहिलं असेल तर ते क्रेडिटही अंदाजाचंच. त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी जाऊन जिन्याखालचं कपाट उघडलं. व्हॅक्यूम क्लीनर आणि दोन बॅगा बाहेर काढल्या, मोबाइलचा टॉर्च मारला. गॅसच्या मीटरवर काळे आकडे होते आणि शेवटी लाल. लाल आकडे लिहायचे नसतात, फक्त काळे. रीडिंग घनमीटरमध्ये होतं. एका घनमीटरचे बिलावरचे साधारण ११ युनिट (किलोवॅट-तास) होतात. कंपनीचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला. ‘पडून असलेल्या’ तीनशेतले ऐंशी पौंड तर त्यांनी वापरूनही झाले होते. डोळे झाकून सगळी रक्कम काढून घेतली असती, तर डिसेंबरमध्ये दुहेरी फटका बसला असता.

कंपनी बुडाली तर काय? ही भीती हवेतून आलेली नाही. २०२१ च्या शरदापासून काही महिन्यांत तीसेक पुरवठादार बंद पडले. पंधरा लाखांहून अधिक ग्राहक असलेली बल्ब ही कंपनी त्या नोव्हेंबरमध्ये विशेष प्रशासनाखाली गेली, म्हणजे पुरवठा बंद न पाडता कोर्टाने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती, आणि पुढे तिचे ग्राहक ऑक्टोपस या कंपनीकडे गेले. पण घरगुती ग्राहकांचं क्रेडिट बुडालं नाही. ऑफजेम बुडालेल्या कंपनीचे ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे सोपवते आणि क्रेडिट त्यांच्याबरोबर जातं. हा खर्च शेवटी सगळ्यांच्या बिलांवर पसरला, म्हणजे तुम्ही-आम्हीच भरला, आणि त्याबद्दल मला आजही राग आहे. दुसऱ्यांच्या क्रेडिटवर धंदा चालवणाऱ्या कंपन्यांना इतकी वर्षं मोकळं सोडायला नको होतं. आता कंपनीने दर ग्राहकामागे ठरावीक भांडवल राखावं असा नियम आहे, आणि ते कमी पडलं तर ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवायला ऑफजेम सांगू शकते. कधी तुमची कंपनी बंद पडलीच, तर मीटरचा फोटो काढा, खात्यावरच्या शिलकेचा स्क्रीनशॉट ठेवा आणि नव्या कंपनीचं पत्र येईपर्यंत डायरेक्ट डेबिटला हात लावू नका.

‘बिल आल्यावर भरा, स्वस्त पडेल’ हा सल्ला सरळसरळ नुकसानीचा आहे. किमतीच्या मर्यादेतच दोन वेगळे दर आहेत. डायरेक्ट डेबिटने भरणाऱ्याचा कमी, बिल आल्यावर भरणाऱ्याचा जास्त. सरासरी घरासाठी हा फरक वर्षाला शंभर पौंडांच्या वर जातो. शिवाय जानेवारीचे २२५ आणि फेब्रुवारीचे २०० लागोपाठ भरायचे, तेही नाताळच्या खर्चानंतर. चुकले तर थकबाकी, आणि ती नोंद क्रेडिट फाइलवर, म्हणजे बँका कर्ज देण्याआधी पाहतात त्या आपल्या देण्याघेण्याच्या नोंदींत, जाऊ शकते. पुढे घराचं कर्ज घ्यायच्या वेळी ते पुढ्यात येतं. ज्यांना आधी पैसे द्यायचेच नाहीत त्यांच्यासाठी काही कंपन्या बदलत्या रकमेचं डायरेक्ट डेबिट देतात: त्या महिन्याला जेवढं वापरलं तेवढंच कापलं जातं. उन्हाळ्यातली बचत हातात ठेवून हिवाळ्यासाठी बाजूला काढायची शिस्त ज्याच्याकडे आहे, त्याने ते जरूर घ्यावं. मला ती शिस्त जमत नाही, म्हणून मी ठरावीक रक्कमच ठेवते.

मेसेजच्या काही प्रतींत बँकेच्या डायरेक्ट डेबिट गॅरंटीचाही उल्लेख असतो, की बँकेला सांगा, सगळे मागचे हप्ते परत येतील. गॅरंटी आहे ती चुकीच्या वसुलीसाठी: न कळवता रक्कम बदलली, चुकीच्या तारखेला कापली, असं काही. रक्कम बदलायची तर साधारण दहा कामकाजी दिवस आधी कळवावं लागतं. वापरलेल्या गॅसचे पैसे त्या गॅरंटीने माफ होत नाहीत. बँकेने हप्ता परत दिला, तरी कंपनीकडचं देणं तसंच राहतं.

मेसेजमागचा संताप मात्र खरा आहे, आणि तो मी झटकणार नाही. एप्रिल २०२२ मध्ये सरासरी घरासाठीची मर्यादा वर्षाला १,२७७ वरून १,९७१ पौंडांवर गेली, तेव्हा कंपन्यांनी हप्ते वाटेल तसे वाढवले. ऑफजेमच्याच तपासणीत आढळलं की पाच लाखांहून अधिक ग्राहकांचे हप्ते दुपटीहून जास्त झाले होते. माझाही त्यात होता: ९८ चा थेट २१०. खात्यावर क्रेडिट असताना. मी फोन केला, दोन्ही मीटरची रीडिंग वाचून दाखवली आणि एवढंच विचारलं, “वर्षभराचा वापर किती युनिट धरला आहे?” त्या बाईंनी सांगितलेला आकडा माझ्या खऱ्या वापराच्या जवळपास दीडपट होता. अर्ध्या तासाने हप्ता १५० वर आला. दुसरी गोष्ट व्याजाची. महावितरण सुरक्षा ठेवीवर व्याज देते. इथल्या बहुतेक कंपन्या आपल्या क्रेडिटवर काही देत नाहीत. लाखो घरांची उन्हाळ्यातली बेगमी कंपन्यांना बिनव्याजी वापरायला मिळते. यावर ओरड करायची तर मी सगळ्यांच्या पुढे उभी राहीन.

कंपनीने ऐकलंच नाही, तर लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, फुकट. आणि बारा महिन्यांहून जुन्या वापराचं बिल कंपनीने स्वतःच्या चुकीमुळे पाठवलंच नसेल, तर ते आता वसूल करता येत नाही.

त्या जोडप्याने डायरेक्ट डेबिट रद्द केलं नाही. रीडिंग दिल्यावर कंपनीने हप्ता १२ पौंडांनी वाढवला, त्याचं त्यांना वाईट वाटलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिचा मेसेज आला, “ताई, ३५ उरलेत. मागू का?” मी लिहिलं, राहू दे, मेमध्ये पुन्हा काळे आकडे वाच आणि मग बघू.