स्वतःप्रत अर्पण

जूनमध्ये लेकीच्या पुस्तकांना कव्हरं घालत बसलो होतो, ती सहावीत गेलीय. बालभारतीचं पुस्तक उघडलं की सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका असते, आपण सगळे ते पान बघतो आणि पुढे जातो. ती मात्र ब्राऊन पेपर बाजूला ठेवून मोठ्याने वाचायला लागली आणि शेवटच्या ओळीला अडकली. "बाबा, स्वतःप्रत अर्पण म्हणजे काय? अर्पण तर देवाला करतात ना?"

काहीतरी सांगितलं मी तिला, पण ते माझं मलाच पटलं नाही. रात्री संविधान सभेच्या चर्चा शोधल्या. तारीखवार सगळं नेटवर आहे, फुकट आहे, आणि खरं सांगतो एकदा वाचायला लागलात की सुटत नाही.

१७ ऑक्टोबर १९४९. त्या दिवशी सभेत उद्देशिकेवर चर्चा होती. ह. वि. कामतांनी सूचना मांडली की सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. कामत मनापासून श्रद्धाळू माणूस, त्यात राजकारण नव्हतं काही. आता विचार करा, फाळणी होऊन दोन वर्षं झालेली, धर्माच्या नावावर लाखो माणसं मेलेली, घरदार सोडून आलेली, आणि सभेत बसलेले बहुतेक लोक रोज देवाला हात जोडणारे. पूर्णिमा बॅनर्जी उठल्या आणि कामतांना विनवलं की देवावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद, ते स्वतः किती धार्मिक ते सगळ्यांना माहितीय. हृदयनाथ कुंझरूंनी सरळ विरोध केला, त्यांचं म्हणणं असं की ज्या उद्देशिकेत आपण विचार, श्रद्धा, उपासना यांचं स्वातंत्र्य देतोय तिच्यातच एक श्रद्धा सगळ्यांवर लादायची हे जुळत नाही. कामत मागे हटले नाहीत, मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८.

मी हा आकडा वाचून बराच वेळ तसाच बसून होतो. त्या ६८ जणांत देव मानणारे किती असतील! घरी जाऊन त्यांनी सायंकाळी दिवा लावलाच असेल. पण देशाच्या पहिल्या पानावर आपला देव नको, कारण उद्या न मानणारा कुणी हे पान वाचेल आणि त्याला वाटेल हा देश माझा नाही, एवढा विचार त्यांनी परक्यासाठी केला. महात्मा गांधींचं नाव उद्देशिकेत घालायचीही सूचना आली होती, तेही घातलं नाही. देव नाही, महात्मा नाही, राजा तर नाहीच. मग अर्पण कुणाला? आम्ही भारताचे लोक, स्वतःप्रत. मला माझ्या देशाचा अभिमान कशासाठी वाटतो विचाराल तर मी सगळ्यात आधी हे मतदान सांगेन.

आणि जे स्वतःच स्वतःला दिलंय ते दुसरं कोण काढून घेणार, हा प्रश्न पुढे खरोखरच कोर्टात आला. आणीबाणीत विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या लोकांनी न्याय मागितला, नऊ हायकोर्टांनी त्यांचं ऐकलं, पण २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणी असेपर्यंत त्यांना दाद मागता येणार नाही. तो एक म्हणजे न्या. हंसराज खन्ना. त्यांनी सांगितलं की जगण्याचा हक्क हा काही सरकारने किंवा नुसत्या एखाद्या कलमाने दिलेला नाही. पुढे सरन्यायाधीश व्हायची त्यांची पाळी होती, त्यांना डावललं, त्यांनी राजीनामा दिला. चौघांमध्ये आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. ४१ वर्षांनी, २०१७ साली, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला आणि ते निकालपत्र लिहिणाऱ्यांत त्यांचा मुलगा धनंजय चंद्रचूड होते. बापाचा निकाल लेकाने पुसला. माझ्या मते देशप्रेम हेही असतं, घरातल्या माणसाचं चुकलं तर चुकलं म्हणायचं.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडू नका असं बजावलं होतं. ते बोलणारा माणूस महाडचा सत्याग्रह केलेला होता हे विसरू नका. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा तळं कायद्याने खुलंच होतं, नगरपालिकेचा ठराव होता, तरी लोकांना मार खावा लागला आणि नंतर तळं 'शुद्ध' केलं गेलं. म्हणजे कागदावर स्वातंत्र्य होतं, शेजाऱ्याच्या मनात नव्हतं. त्यांच्याइतकं हे कुणाला कळणार.

हे सगळं वाचताना मला सारखं मागच्या गणपतीतलं आठवत होतं. माझा भाचा, इंजिनिअरिंगला आहे, आरतीला उभा राहिला नाही. शांतपणे म्हणाला, मामा माझा विश्वास नाही, मी बाहेर बसतो. अण्णा सगळ्यांदेखत त्याला म्हणाले की मग या घरात यायचं कशाला. पोरगं चप्पल घालून निघून गेलं. मी तिथेच होतो, हातात टाळ होता, आणि मी काहीच बोललो नाही. आरती संपेपर्यंत टाळ वाजवत राहिलो. अण्णा मोठे, सणाचा दिवस, वाद नको, अशी कारणं तेव्हा भरपूर होती. त्या ६८ लोकांकडे तर याहून मोठी कारणं होती.

काल त्याला फोन केला. म्हटलं, बाळा, मागच्या वर्षी मी बोलायला हवं होतं, चुकलं माझं. यंदा ये, आरतीला बाहेर ओट्यावर बस, अण्णांशी मी बोलतो. तो जरा वेळ गप्प होता. मग विचारलं, "मामी उकडीचे करणार आहे का?"

करणार आहे.