पाठांतरावर नेट निघत नाही

‘लाइफ सायन्सेसची नेट काढायची तर पाठांतर पक्कं हवं’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. सीएसआयआर-नेट, म्हणजे विज्ञानातल्या संशोधन फेलोशिपसाठीची आणि प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा. तिचा पेपर २०० गुणांचा, त्यातले १०० एकट्या भाग ‘क’चे. तिथे ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, आणि त्यांत विचार करायला लावणारे, प्रयोगावरचे प्रश्न भरपूर. समजा वेस्टर्न ब्लॉटचं (जेलवर प्रथिनं वेगळी करून हवं ते प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीचं) चित्र दिलंय आणि दुसऱ्या लेनमधला, म्हणजे दुसऱ्या नमुन्याच्या रांगेतला, पट्टा फिका आहे. प्रथिनच कमी झालं की नमुना कमी भरला गेला? खालचा अ‍ॅक्टिनचा पट्टा बघायचा; हे प्रथिन सगळ्या नमुन्यांत साधारण सारखंच असतं. तो सारखा असेल तर प्रथिन खरंच घटलंय. ज्याने स्वतः जेल ओतून चालवलीय त्याला हे झटकन दिसतं. आपल्याकडे कित्येक कॉलेजांत मात्र अख्ख्या बॅचला एकच जेल, तीही सर चालवणार आणि मुलं जर्नल उतरवून काढणार. फार वाईट वाटतं हो, हुशार पोरं इथेच मागे पडतात.

बाकी लेखातला फेलोशिपचा महिना ३१ हजारांचा आकडा जुना झाला. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलोला) ३७ हजार, एसआरएफला (सीनियर रिसर्च फेलोला) ४२ हजार, घरभाडं वेगळं.