आम्ही केलं, म्हणजे नक्की कोणी?

आमच्या घरात 'मी' हा शब्द फक्त गुन्हा कबूल करायला वापरतात. दूध मी उतू घालवलं, किल्ली मी हरवली. चांगलं काही घडलं की ते आपोआप 'आम्ही' होतं. बाबांनी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ३३ वर्षं नोटा छापल्या, पण अजूनही सांगताना "आम्ही छापायचो" असंच म्हणतात, आणि ते बरोबरच आहे म्हणा, एकट्याने छापल्या असत्या तर शेजारच्या सेंट्रल जेलमध्ये असते. आम्ही राहतो जेलरोडला, त्यामुळे दोन्ही सोयी जवळ.

या नियमाला अपवाद एकच, आमची आत्या. तिचं प्रत्येक वाक्य "मी नसते तर" पासून सुरू होतं. मी नसते तर तुझा बाप दहावी पास झाला नसता, मी नसते तर त्या दिवशी टँकर आलाच नसता. ती बोलायला लागली की घरातले एकेक करून पाणी प्यायला उठतात.

तर असा 'आम्ही'वाला मी सप्टेंबर २०२३ मध्ये पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी, घेऊन टोरांटोला उतरलो. सोबत पुण्यातल्या आयटीचा आठ वर्षांचा अनुभव, दोन किलो चिवडा, आणि सरकारला दाखवायला लागतात ते पावणेचौदा हजारच्या आसपास डॉलर, जे बघता बघता घरभाड्यात विरघळले. पासपोर्टसुद्धा नाशिकरोडलाच छापलेला, म्हणजे एकूण माल शंभर टक्के लोकल.

पहिला धक्का रिझ्युमेचा. तिथे फोटो लावायचा नाही, जन्मतारीख नाही, लग्न झालंय का नाही, वडिलांचं नाव नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग तू कोणाचा ते त्यांना कळणार कसं?" दुसरा धक्का जास्त जिव्हारी लागला. टोरांटोच्या ऑन्टारिओ प्रांतात 'इंजिनिअर' हा शब्द लायसन्सशिवाय स्वतःला लावता येत नाही, चक्क कायदा आहे तसा. आमच्या कॉलनीत वॉचमन सोडला तर सगळे इंजिनिअर, आणि वॉचमनचा पोरगा डिप्लोमाला आहे. मी मुकाट्याने 'इंजिनिअर' खोडून 'डेव्हलपर' लिहिलं. ही बातमी आईमार्फत कॉलनीत पोचली आणि नाशिकमध्ये डेव्हलपर म्हणजे एकच, बिल्डर. शेजारच्या काकांचा रात्री मेसेज आला, तिकडे स्क्वेअर फुटाला काय रेट चाललाय.

तिसरा धक्का म्हणजे कॅनेडियन एक्सपिरियन्स. मला उतरून बारा दिवस झाले होते आणि फोनवरची बाई गोड आवाजात विचारत होती, तुम्हाला इथला अनुभव किती? मी म्हटलं बारा दिवस. ती हसली नाही. आता म्हणे १ जानेवारी २०२६ पासून तिथे पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांनी जाहिरातीत ही अट घालायची नाही असा नियम झालाय. मला घाई नडली, दुसरं काय.

अर्ज किती केले ते शंभरानंतर मोजणं सोडलं. रात्री अकराला अर्ज केला की अकरा वाजून तीन मिनिटांनी 'तुमचा प्रोफाईल काळजीपूर्वक वाचून आम्हाला खेद वाटतो' असा मेल. तीन मिनिटांत तर आमच्याकडे चहासुद्धा उकळत नाही. पोटापाण्यासाठी एका गोदामात पार्सलं स्कॅन करत होतो, मायनस बारामध्ये बसची वाट बघत. घरी मात्र लॉजिस्टिक्समध्ये आहे असं सांगितलं होतं.

जे दोनचार इंटरव्यू झाले ते सगळे एकाच खड्ड्यात पडले. कोडिंग नीट व्हायचं. मग विचारायचे, एखादा कठीण प्रसंग सांगा. मी उत्साहाने सांगायचो की आम्ही पेमेंटचा बग शोधला, आम्ही रात्रभर जागलो, आम्ही सकाळी सिस्टीम चालू केली. ते विचारायचे, छान, पण यात तुम्ही काय केलंत? आता तो बग मीच शोधला होता, पहाटे साडेतीनला, एकट्याने, बाकीची टीम बिर्याणी आणायला गेली होती. पण तोंडातून काय निघालं, तर "टीम एफर्ट होता सर." खेदाचा मेल.

कोल्हापूरची एक ताई तिकडे पंधरा वर्षं नोकरी करते, ओळखीतून ओळख काढून तिच्याशी कॉफी प्यायलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, तुझं ऐकून वाटतंय की काम दुसऱ्यांनी केलं आणि तू साक्षीदार होतास." मग परिस्थिती काय होती, काम काय होतं, मी काय केलं, निकाल काय लागला, या चार पायऱ्यांत सांगायची तिकडची पद्धत तिने शिकवली. कळलं सगळं, पण तिसऱ्या पायरीवर जीभ अडखळायची ती अडखळायचीच.

फेब्रुवारीत चुलत बहिणीचं लग्न निघालं. तिकीट बाबांनी काढलं, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. नाशिकला आल्यावर बाबांनी माझी प्रॅक्टिस घ्यायचं ठरवलं, चष्मा लावून प्रश्नांची यादी हातात घेतली, आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडले. "वरिष्ठांशी मतभेद झाल्याचा प्रसंग सांगा? हे काय? साहेबाशी भांडलो हे नव्या साहेबाला कशाला सांगायचं? युनियनचा माणूस वाटशील." प्रॅक्टिस तिथेच संपली.

आणि नेमका हळदीच्या दिवशी मेल आला, उद्या दुपारी दोनला व्हिडिओ इंटरव्यू. टोरांटोचे दुपारचे दोन म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे रात्रीचे साडेबारा. आणि त्याच रात्रीनंतरच्या सकाळी लग्न. घरात चाळीस पाहुणे, गादीला गादी लागलेली, जिन्यात चपलांचा डोंगर. दार लागणारी एकच खोली होती, रुखवताची, तिथे कोणाला झोपवत नव्हते कारण मागच्या लग्नात एका मामाने झोपेत अनारशांच्या परातीत पाय घातला होता. तिथे मी करंज्या आणि लोकरीच्या सशांच्या मधोमध लॅपटॉप मांडला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लेंगा. कॅमेरा चालू केला आणि स्वतःलाच दचकलो. हळदीला आत्याने मला धरून जे माखलं होतं ते दोन दिवस आणि तीन वेळा साबण लावूनही कानापासून हनुवटीपर्यंत तसंच होतं. समोरच्या मॅनेजर बाई दोन सेकंद बघत राहिल्या आणि काळजीने म्हणाल्या, तब्येत बरी नसेल तर आपण पुढे ढकलू या का?

कावीळ नाही, लग्न आहे, हे समजवण्यात पाच मिनिटं गेली. मग तो प्रश्न आला. कठीण प्रसंग सांगा.

भिंतीपलीकडे आत्या जागीच होती. कोणाला तरी मांडववाल्याची गोष्ट सांगत होती आणि पातळ भिंतीतून शब्द न शब्द येत होता. "मांडव आला छोटा. सगळे डोक्याला हात लावून बसले. मग मी उठले. मी त्याला फोन लावला. मी म्हटलं, हे बघ, पाचच्या आत दुसरा मांडव आला नाही तर एक रुपया मिळणार नाही. पावणेपाचला मांडव हजर."

परिस्थिती, काम, कृती, निकाल. तीस वर्षं आम्ही ज्या बाईला कंटाळून पाणी प्यायला उठत होतो, तिच्याकडे तो फॉर्म्युला जन्मजात होता.

मी डोळे मिटले आणि इंग्रजीतून आत्या सुरू केली. सिस्टीम बंद पडली. सगळे डोक्याला हात लावून बसले. मग मी उठलो. मी लॉग उघडले. मी म्हटलं, थांबा, हा बग पेमेंटचा नाहीच, वेळेचा आहे, दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नाहीयेत. मी नसतो तर, असंसुद्धा एकदा बोलून गेलो. बाई भराभर लिहून घेत होत्या.

ऑफर आली चार दिवसांनी. आम्ही सगळे मिसळ खायला गेलो होतो, तिथेच मेल वाचला. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. आईने दोन टेबलं सोडून बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं. बाबांनी पाव तर्रीत बुडवता बुडवता विचारलं, "पर्मनंट नाही?" मी म्हटलं नाही. "पीएफ?" तिकडे पीएफ नसतो बाबा. ते बराच वेळ पावाकडे बघत राहिले.

आत्याने मात्र पदर खोचला. "मी नसते तर लागली असती का नोकरी याला?"

मी चमकलो. हिला कळलं की काय?

"हळद मी लावली ना अंगाला, म्हणून काम झालं," ती म्हणाली. आई पाण्याचा ग्लास घ्यायला उठली, बाबा हात धुवायला. मी एकटाच बसून राहिलो, आणि पहिल्यांदाच मनापासून म्हटलं, "खरंय आत्या, तू नसतीस तर लागलीच नसती."

तिने संशयाने माझ्याकडे बघितलं. एवढ्या सहज कोणी कबूल केल्याची तिला सवय नव्हती. मग माझ्या ताटातला पापड उचलून म्हणाली, "पुढची हळद पण मीच लावणार आहे. चांदोरीचं एक स्थळ आहे. त्यांना सांगितलंय मी, मुलगा बिल्डर आहे."