हिरवी उलटी म्हणजे ‘पोटातली घाण’ नव्हे

आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर पोटातली घाण निघाली समजा. अंगावर पिणाऱ्या बाळाला आठवडाभर शी झाली नाही तरी चालतं. फारच झालं तर विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून शीच्या जागी लावा. तिन्ही सल्ले बाळाच्या जिवावर बेतू शकतात.

हिरवा रंग पित्ताचा. पित्त जठराच्या पुढे, लहान आतड्यात मिसळतं. ते तोंडावाटे आलं तर त्याखाली वाट अडल्याचा संशय घ्यायलाच हवा. सगळ्यात भीती आतड्याला पीळ पडण्याची. गर्भात आतडं जागेवर नीट बसलेलं नसेल तर ते स्वतःच्याच रक्तवाहिन्यांभोवती फिरतं आणि काही तासांत काळं पडू शकतं. सुरुवातीला पोट मऊ असतं, साधा एक्स-रेसुद्धा नॉर्मल येऊ शकतो. म्हणून कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं द्रव्य, पाजून फोटो काढतात. सोनोग्राफीतही पीळ दिसू शकतो. बोस्टनचे सर्जन विल्यम लॅड यांनी १९३६ साली मांडलेलं ऑपरेशनच आजही करतात: पीळ उलगडायचा, आतड्यावर आडवे आलेले पट्टे कापायचे.

आठवडाभराची गोष्ट खरी आहे, पण ती साधारण दीड महिन्यापुढच्या, नीट पिणाऱ्या, वजन वाढणाऱ्या बाळाची. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना काळी चिकट शी २४ तासांत होते, ४८ तासांत जवळपास सगळ्यांना. ती झाली नाही, पोट फुगलं, तर कारण शोधावंच लागतं. कधी ती शीच डिंकासारखी घट्ट होऊन अडकते. मग सिस्टिक फायब्रोसिस या, शरीरातले स्राव घट्ट करणाऱ्या आनुवंशिक आजाराची तपासणी करतात.

देठाचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याने गुण आल्यासारखं वाटतं. सुमारे ५,००० बाळांत एकाला हिर्शस्प्रुंग हा आजार असतो. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशीच नसतात, त्यामुळे तो भाग सैल पडत नाही. देठ लावला की वारा आणि शी जोरात सुटते, पोट उतरतं, घरचे निर्धास्त होतात. काही दिवसांत पोट पुन्हा फुगतं. तोवर आतड्याला सूज येऊन जंतुसंसर्ग रक्तात गेला तर बाळ दगावू शकतं. निदान गुदाशयाच्या छोट्या तुकड्याच्या बायोप्सीने होतं. मग तो भाग काढून निरोगी आतडं खाली ओढून जोडतात.

हिरवी उलटी दिसली की दूध, घुटी, ग्राइप वॉटर सगळं थांबवा आणि बालशल्यचिकित्सक असलेलं हॉस्पिटल गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. उलटीचं दुपटं धुऊ नका. सोबत न्या, डॉक्टरांना रंग दाखवा.